मी सही केली नाही

गेल्या रविवारी सकाळी पेपर वाचत बसलो होतो, तर दारात तीन शेजारी. हातात फाइल, फाइलमध्ये अर्ज आणि अर्जाखाली सह्यांचा तक्ता. सत्तावीस सह्या आधीच झालेल्या. "सर, तुमची तेवढी राहिलीय."

चष्मा शोधला आणि अर्ज वाचला. आमच्या गल्लीला लागून एका महाविद्यालयाचं मुलांचं जुनं वसतिगृह आहे. काळ्या दगडाचं, दुमजली, वर मंगलोरी कौलं. गेल्या दिवाळीपासून तिथे दुरुस्तीचं काम चालू आहे. अर्जातला मजकूर असा : आवाज आणि धूळ यांनी रहिवासी हैराण आहेत, सबब ही दुरुस्ती ताबडतोब थांबवावी, इमारत कालबाह्य झालेली असल्याने ती एकदाची पाडून तिथे आधुनिक इमारत उभारावी.

पहिलं वाक्य वाचून मी पेन हातात घेतलं होतं. दुसरं वाचलं आणि खाली ठेवलं. "मी यावर सही करणार नाही," म्हटलं. तिघांचे चेहरे पाहण्यासारखे झाले. तेव्हापासून गल्लीत असं बोललं जातंय की सर संस्थेला सामील आहेत. काल तर भाजीवालीनेसुद्धा विचारलं, "काय सर, तुम्ही कॉलेजकडून का?" म्हणून आज सविस्तर लिहायला बसलो. संस्थेचं नाव मुद्दाम लिहीत नाही, कारण हा प्रश्न त्या एका संस्थेपुरता नाही. पुण्यात आणि पुण्याबाहेर शंभरी गाठलेली अशी वसतिगृहं पुष्कळ आहेत, आणि त्यांच्या भिंतीला भिंत लावून राहणारी आपल्यासारखी माणसंही पुष्कळ आहेत.

आधी एक गोष्ट कबूल करतो. त्रास आहे. खोटं कशाला बोलू? माझ्या खिडकीपासून त्यांची भिंत वीस पावलांवर. सकाळी साडेसहाला दगड कापायचं कटर सुरू होतं. हिला दमा आहे. डिसेंबरपासून पंप दुपटीने लागतोय. वाळत घातलेले कपडे संध्याकाळी झटकल्याशिवाय घरात आणता येत नाहीत. एकदा रात्री साडेअकराला जेसीबी येऊन राडारोडा भरत होता. मी सदऱ्यावर शाल टाकून खाली गेलो, तर मुकादम म्हणाला, "आजोबा, साहेबांना विचारा." कोण साहेब? "ते इथे नसतात." म्हणजे तक्रार करणाऱ्यांत मीही आहे, कदाचित सगळ्यांत जुना. माझं भांडण तक्रारीशी नाहीच, तिच्या शेपटाला बांधलेल्या ‘पाडा’शी आहे.

पाडा म्हणणाऱ्यांचा पहिला मुद्दा असा, की दुरुस्ती वर्षानुवर्षं चालते. पाडून बांधलं की दीड वर्षात मोकळे. मंडळी, मी चाळीस वर्षं वर्गात फळ्यावर गणितं मांडली, ती सवय जात नाही. तेव्हा इथेही मांडून बघू. इमारत अंदाजे साठ मीटर लांब आणि दहा मीटर रुंद. बाहेरच्या भिंतींची लांबी १४० मीटर झाली. आत दर चार मीटरला आडवी भिंत धरली तर आणखी १४०. एकूण २८० मीटर. उंची सात मीटर, जाडी दोन फूट, म्हणजे ०.६ मीटर. गुणाकार केला तर ११७६ घनमीटर. दारं-खिडक्या वजा करून हजार धरा. दगडी बांधकामाचं वजन घनमीटरला साधारण २.४ टन, म्हणजे २४०० टन. दहा टनांचा एक डंपर धरला तर २४० डंपर. तेवढेच रिकामे येणार, म्हणजे आपल्या गल्लीतून ४८० फेऱ्या. यात छप्पर, फरशी, पाया काहीच धरलेलं नाही. नव्या इमारतीखाली पार्किंगसाठी खोदकाम होईल तेही नाही, आणि वर येणारं सिमेंट, खडी, लोखंडही नाही. एका कटरने त्रासलेली माणसं ब्रेकर मागतायत! डोकं दुखतंय म्हणून डोकंच उतरवा म्हणण्यातला प्रकार आहे हा.

दुरुस्तीचा आवाज कसा असतो, हेही नीट बघायला हवं. मी तीन-चार वेळा आत जाऊन आलो. तिथल्या म्हाताऱ्या गवंड्याशी ओळख झाली आहे. जुनी भिंत चुन्यात बांधलेली आहे. मधल्या काळात कुणीतरी शहाणपणा करून दगडांच्या दरजा सिमेंटने भरल्या आणि आतून सिमेंटचा गिलावा केला. चुना दगडापेक्षा मऊ असतो, भिंतीतली ओल त्यातून बाहेर पडते. सिमेंट कडक, ते ओल कोंडून ठेवतं. मग ती ओल दगडातून वाट काढते, दगडाचे पापुद्रे सुटतात, तुळयांची भिंतीत रोवलेली टोकं कुजतात आणि वाळवीला आमंत्रण जातं. खोल्यांत पावसाळ्यात येणारा तो कुबट वास आणि भिंतीवरची बुरशी हा जुनेपणाचा दोष नव्हे, त्या चुकीच्या दुरुस्तीचा आहे. आत्ता जो खणखणाट चाललाय तो मुख्यतः हे सिमेंट काढण्याचा आणि बदलायचे दगड कापण्याचा. तो संपला की चुना भिजवणं, मळणं, थापीने दरजा भरणं, पाणी मारत राहणं, अशी हातची कामं उरतात. चुन्याला घाई चालत नाही. म्हणून काम लांबतं, पण लांबलेला बराचसा काळ शांत असतो. ही गोष्ट संस्थेने आपल्याला एका कागदावर लिहून दिली असती, तर निम्म्या सह्या झाल्या नसत्या.

दुसरा मुद्दा, "अहो सर, त्या इमारतीत आहे काय एवढं? कोण मोठं माणूस राहिलं होतं तिथे?" फर्ग्युसनच्या वसतिगृहात सावरकर राहत ती खोली जपून ठेवली आहे, लोक जाऊन बघतात. चांगलंच आहे. पण ज्या खोल्यांत नाव न झालेली मुलं राहिली त्या खोल्यांना काहीच किंमत नाही का?

मी तालुक्याच्या गावच्या शाळेत शिकवत होतो. दहावी-बारावी झालेली हुशार मुलं पुण्याला पाठवायची म्हटलं की बापाचा पहिला प्रश्न फीचा नसायचा. "ऱ्हाईल कुठं?" हा असायचा. माझा एक विद्यार्थी अशाच एका वसतिगृहात जागा मिळाली म्हणून शिकला. आज तो स्वतः प्राध्यापक आहे. त्याच्या दोन वर्षं मागचा दुसरा, गणितात त्याच्यापेक्षा चार पावलं पुढे. त्या वर्षी वसतिगृह ‘दुरुस्तीसाठी पूर्ण बंद’ होतं. तो कुणाच्या तरी ओळखीने सहा जणांच्या खोलीत कॉट बेसिसवर राहिला. तिसऱ्या महिन्यात सामान घेऊन परत आला. मला तोंड दाखवायला लाजत होता. मी घरी गेलो तेव्हा म्हणाला, "सर, जेवण आणि खोली मिळून बापाची एक म्हैस गेली. दुसरी नाही आमच्याकडे." त्याने पुढे गावातच दुकान टाकलं. वाईट चाललं नाही त्याचं. पण त्याच्या वहीतली गणितं मला आजही आठवतात.

कोल्हापूरकरांना हे वेगळं सांगायला नको. शाहू महाराजांनी १९०१ साली व्हिक्टोरिया मराठा बोर्डिंग काढलं, १९०८ साली अस्पृश्य मुलांसाठी मिस क्लार्क बोर्डिंग उभं राहिलं आणि मग निरनिराळ्या समाजांची बोर्डिंगं एकामागून एक निघत गेली. पुढे १९२४ साली कर्मवीर भाऊराव पाटलांनी साताऱ्यात बोर्डिंग काढलं. खेड्यातल्या मुलाला नुसती शाळा उघडून भागत नाही, त्याला शाळेच्या गावात निजायला छप्पर आणि दोन वेळची भाकरी लागते, हे त्या माणसांना कळलं होतं. शंभर वर्षांनंतर आपण शिकलेली माणसं त्या छपराकडे बघून म्हणतो, आवाज होतोय, पाडा.

आत्ता जे काम चाललंय त्यात एक गोष्ट संस्थेने खरोखर चांगली केली आहे. पूर्वेची बाजू आधी, पश्चिमेची नंतर, असं काम वाटून घेतलंय. त्यामुळे निम्मी मुलं आजही तिथे राहतात. त्यांच्या डोक्यावरच तो कटर चालतो, आपल्या वीस पावलांवरून. ती मुलं कानात कापूस घालून परीक्षेचा अभ्यास करतात. इमारत पाडली तर सगळीच्या सगळी बाहेर. आणि नवी झाल्यावर तितक्याच कॉट, त्याच फीमध्ये, त्याच मुलांना मिळतील असं कोण लिहून देणार आहे? अर्ज घेऊन आलेल्या शेजाऱ्यांना मी हे विचारलं. त्यांच्यापैकी एक बँकेतून निवृत्त झालेले आहेत. हमीपत्राशिवाय कुणाला दमडी दिली नाही त्यांनी आयुष्यात. ते म्हणाले, "ते संस्थेचं बघून घेतील." त्या साध्या मुकादमावर यांचा विश्वास नाही, पण संस्थेच्या पाच वर्षांनंतरच्या दानतीवर आहे!

तिसरा मुद्दा नेहमीचा : मोठमोठ्या संस्थासुद्धा जुनं पाडतात. आणि लगेच अहमदाबादच्या आयआयएमचं उदाहरण. चला, तेच बघू. लुई कान या अमेरिकन वास्तुविशारदाने त्या संकुलाचा आराखडा केला. तिथल्या विटांच्या वसतिगृहांपैकी अठरातली चौदा पाडून नवी बांधायची, असं संस्थेने २०२०च्या डिसेंबरात ठरवलं. जगभरातून आरडाओरडा झाला आणि २०२१च्या १ जानेवारीला तो बेत मागे घेतला गेला. पण २०२२च्या नोव्हेंबरात संस्थेने जीर्णोद्धार थांबवून पुन्हा नव्या बांधकामाची भाषा सुरू केली. संस्थेची बाजूही ऐकली पाहिजे. विटांचा दर्जा कमी, आतलं लोखंड गंजलेलं, गळती, २००१च्या भूकंपाचा मार. पडक्या छपराखाली मुलं झोपवा, असं कुठलाच शहाणा माणूस म्हणणार नाही. पण त्याच आवारात विक्रम साराभाई ग्रंथालयाचा जीर्णोद्धार मुंबईच्या वास्तुविशारद ब्रिंदा सोमाया यांच्या संस्थेने केला आणि त्याला २०१९ साली युनेस्कोचा पुरस्कार मिळाला. म्हणजे एकाच आवारात, एकाच जातीच्या बांधकामात, एक वास्तू जपता आली. मग उरलेल्यांचं काय करायचं, हे ‘जुनी झाली’ या दोन शब्दांवर ठरत नाही. एकेक इमारत तपासून, अहवाल सर्वांसमोर ठेवून ठरवावं लागतं. आपल्या शेजारच्या वसतिगृहाची तपासणी झाली आहे आणि दुरुस्ती शक्य आहे म्हणूनच दुरुस्ती चालू आहे. ‘कालबाह्य’ हा शोध अर्ज लिहिणाऱ्यांचा.

आता कटू बोलतो. वाईट वाटलं तर वाटू दे. मी तुमच्यातलाच आहे आणि यात मीही दोषी आहे.

या गल्लीत मी राहायला आलो तेव्हा अकरा बंगले होते. आज तीन उरलेत. बाकीच्या आठांचे टॉवर झाले. आमची स्वतःची इमारत रीडेव्हलपमेंटला गेली तेव्हा आपण सगळे बिल्डरच्या भाड्यावर तीन वर्षं दुसरीकडे सुखाने राहिलो. इथे काय चाललं होतं? ब्रेकर, खोदकाम, स्लॅबच्या दिवशी मध्यरात्रीपर्यंत मिक्सर. समोरच्या वसतिगृहात मुलं होती की नाही? त्यांच्या परीक्षा होत्या की नाही? आपल्यापैकी एकाने तरी रेक्टरकडे जाऊन "पोरांनो, त्रास होईल, सांभाळून घ्या" असं म्हटलं का? मीही म्हटलं नाही. त्या मुलांनी सह्यांची मोहीम काढली नाही, कारण त्यांना कुणी विचारतच नाही. ती तीन वर्षांनी निघून जातात. आपल्याला वाढीव दोनशे चौरस फूट मिळणार होते तेव्हा धूळ ही प्रगती होती. आता त्यांच्या खोलीचं गळकं छप्पर बदलतंय, तर तीच धूळ अत्याचार झाली!

म्हणजे संस्था निर्दोष, असं म्हणतोय का मी? मुळीच नाही. संस्थेची चूक ही, की काम सुरू करताना शेजाऱ्यांच्या दारात एक चिठ्ठीसुद्धा आली नाही. किती दिवस, कुठलं काम कधी, विचारायचं कुणाला, काही नाही. अंधारात ठेवलेला माणूस चिडतोच.

आणि नियम आहेत. ध्वनिप्रदूषणाचे नियम २००० साली आले. रहिवासी भागात दिवसा ५५ आणि रात्री ४५ डेसिबलची मर्यादा. रात्र म्हणजे दहा ते सहा. शिक्षणसंस्थांभोवतीचा शंभर मीटरपर्यंतचा भाग शांतता क्षेत्र म्हणून जाहीर करता येतो. २०१० साली त्यात दुरुस्ती होऊन रहिवासी भागात आणि शांतता क्षेत्रात रात्री आवाज करणारी बांधकामाची यंत्रं वापरायला बंदी आली. तेव्हा साडेअकराचा तो जेसीबी सरळसरळ नियमाबाहेर होता. साडेसहाचं कटर मात्र कायद्याच्या घड्याळाप्रमाणे दिवसातच येतं. तिथे नुसता कायदा पुरा पडत नाही, बसून बोलावं लागतं.

बोलण्यावरून लंडनचं आठवलं. लंडन स्कूल ऑफ इकॉनॉमिक्समध्ये शिकताना, १९२१-२२च्या सुमारास, बाबासाहेब किंग हेन्रीज रोडवरच्या १० नंबरच्या घरात राहत होते. महाराष्ट्र सरकारने २०१५ साली ते घर घेऊन तिथे स्मारक केलं. शेजाऱ्यांनी तक्रार केली, की भेट द्यायला येणाऱ्यांचा त्रास होतो. स्थानिक कौन्सिलने स्मारकाच्या वापराला परवानगी नाकारली. अपील झालं, जाहीर सुनावणी झाली, दोन्ही बाजू मांडल्या गेल्या आणि २०२०च्या मार्चमध्ये परवानगी मिळाली. निकाल आपल्या मनासारखा लागला म्हणून हे सांगत नाही. शेजाऱ्याचं गाऱ्हाणं कुठेतरी नोंदलं गेलं, त्याला उत्तर मिळालं, आणि त्यापायी ते घर गेलं नाही. आपल्याकडे गाऱ्हाणं मुकादमापाशी सुरू होतं आणि तिथेच संपतं. मग ते कुजून त्याचं ‘पाडा’ होतं.

म्हणून मी दुसरा अर्ज लिहिला आहे. मागण्या अशा :

कटर आणि ग्राइंडर सकाळी नऊच्या आधी आणि संध्याकाळी सहानंतर बंद. दुपारी एक ते तीन विश्रांती. दगड शक्यतो पाणी सोडून कापावा आणि तो गल्लीच्या बाजूला नव्हे, आतल्या पटांगणात. आमच्या बाजूला पूर्ण उंचीची हिरवी जाळी, आणि राडारोड्यावर रोज पाणी. गर्दीच्या वेळी जड वाहनांना मज्जाव असतो म्हणून ती रात्री येतात, हे कळतं. पण रात्री दहाच्या आत भरून निघावीत. पुढची तोडफोड सुरू होण्याआधी लगतच्या कुंपणभिंतींचे फोटो काढून भेगांवर खुणा कराव्यात, म्हणजे नंतर कुणाची भेग कुठली यावर वाद नको. मुलांच्या परीक्षेच्या दिवसांत आवाजाची कामं बंद. फाटकावर एका जबाबदार माणसाचं नाव आणि फोन, आणि पंधरा दिवसांतून एकदा अर्धा तास बैठक. शेवटची मागणी मजुरांसाठी : कामावरच्या बायकांना संडास आणि प्यायचं पाणी. सध्या त्या आपल्या सोसायटीच्या नळावर येतात आणि वॉचमन त्यांना हाकलतो, हे आपल्यापैकी बऱ्याच जणांनी पाहिलं आहे.

या अर्जात एक वाक्य आमच्यासाठीही घातलंय. यापुढे गल्लीत कुठलंही रीडेव्हलपमेंटचं काम निघालं, तर हेच नियम आम्ही आमच्या बिल्डरला लावू आणि वसतिगृहाला महिनाभर आधी लेखी कळवू. ही अट वाचून काल दोघांनी पेन खिशात परत ठेवलं. त्यांचा बंगला पुढच्या वर्षी पाडायचा आहे.

आत्तापर्यंत चार सह्या झाल्यात. एक माझी, एक हिची, एक तळमजल्यावरच्या डॉक्टरीणबाईंची आणि एक पहिल्या अर्जावर सही केलेल्या गृहस्थांची; "दोन्हीकडे चालेल ना?" म्हणाले. म्हटलं, चालेल, पण तिथलं ‘पाडा’ तेवढं खोडून या.

असो. पुष्कळ लिहिलं. सोमवारी अर्ज द्यायला प्राचार्यांकडे जाणार आहे. रेक्टरांनाही बोलावलंय आणि मुलांपैकी दोघांनी येतो म्हटलंय. तोवर कागद माझ्याकडेच आहे. संध्याकाळी सहानंतर मी घरी असतो. बेल वाजवा जरा जोरात, कटर चालू असेल तर ऐकू येत नाही.